प्रोस्टेटची सोनोग्राफी आणि कॅन्सरची शंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सोनोग्राफीच्या टेबलावर, व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोखाली आणि ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानांनंतर आम्हा रेडिओलॉजिस्टना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. निर्णय तुमच्या युरोलॉजिस्टबरोबरच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे आधी ठाऊक असावं, एवढ्यासाठी ही उत्तरं.

१. बाबांच्या पोटाच्या सोनोग्राफीत "प्रोस्टेट वाढलंय" असं आलंय. कॅन्सर आहे का?

या रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली ग्रंथी. तरुणपणी ती साधारण २० ते २५ ग्रॅमची, अक्रोडाएवढी असते आणि पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांमध्ये वाढू लागते. ही वाढ साधी असते. ती नळीवर दाब देते, म्हणून लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं.

कॅन्सर बहुतेक वेळा दुसऱ्याच भागात सुरू होतो. साधी वाढ होते नळीभोवतीच्या आतल्या भागात, तर साधारण ७० टक्के कॅन्सर ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात होतात. म्हणून ९० ग्रॅमच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर नसू शकतो आणि २२ ग्रॅमच्या प्रोस्टेटमध्ये असू शकतो. आकार किती, यावरून कॅन्सर आहे की नाही ते ठरत नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या.

२. मग सोनोग्राफी नॉर्मल आली तर कॅन्सर नाही असं समजायचं ना?

तसंही समजू नका. पहिल्या प्रश्नातल्या घबराटीपेक्षा मला या समजुतीची जास्त भीती वाटते, कारण घाबरलेला माणूस निदान डॉक्टरकडे तरी जातो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लहरी पोटाच्या भिंतीतून आणि भरलेल्या मूत्राशयातून प्रोस्टेटपर्यंत पोहोचतात. त्यात आकार दिसतो, मूत्राशयात शिरलेला मधला भाग दिसतो, किडनीला सूज आहे का ते दिसतं. मागच्या भागातली सात-आठ मिलिमीटरची गाठ त्यात सहसा दिसत नाही.

सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा काही लक्षणंच नसतात. त्यामुळे "लघवीला त्रास नाही आणि सोनोग्राफी नॉर्मल" एवढ्यावर पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची रक्तातली, तपासणी टाळू नये. कंबरेचं किंवा पाठीचं दुखणं रात्रीही थांबत नसेल, त्यात पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवी अचानक अडली असेल, तर नॉर्मल सोनोग्राफीचा रिपोर्ट बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

३. सोनोग्राफीला लघवी भरून यायला सांगतात. किती पाणी प्यायचं?

तपासणीच्या तासभर आधी तीन-चार ग्लास पुरतात. सिंहगड रोडवरून किंवा हडपसरहून निघताना घरीच पाणी पिऊन निघू नका; ट्रॅफिकमध्ये अडकलात की हाल होतात. सेंटरवर पोहोचा, नंबर किती मागे आहे ते विचारा, मग प्या.

यात नुसत्या सोयीचा प्रश्न नाही. मूत्राशय बेसुमार ताणलं गेलं की ते नीट आकुंचन पावत नाही, आणि लघवी करून आल्यावर आत जास्त लघवी उरलेली दिसते. खरं तर रोज तेवढी उरत नसते. असा आकडा आला तर आम्ही पुन्हा एकदा जाऊन यायला सांगतो आणि परत मोजतो. कोणी पुन्हा मोजलं नाही तर तुम्हीच आठवण करा.

४. रिपोर्टमध्ये "४० ग्रॅम, ग्रेड १, पीव्हीआर ३० मिली, कॅल्सिफिकेशन" असं लिहिलंय. कशाला काय म्हणायचं?

४० ग्रॅम हे अंदाजे वजन. आम्ही पडद्यावर लांबी, रुंदी आणि उंची मोजतो आणि गुणाकाराला ०.५२ ने गुणतो. समजा ४.६, ३.८ आणि ४.४ सेंटिमीटर आले, तर उत्तर साधारण ४० घन सेंटिमीटर. तेच ग्रॅम म्हणून लिहितात. एका मापात तीन-चार मिलिमीटरचा फरक पडला तरी वजन तीन-चार ग्रॅमने बदलतं. म्हणून मागच्या वर्षी ३७ आणि यंदा ४१ आलं तर "चार ग्रॅम वाढलं" असा हिशेब करू नका.

ग्रेड १ हा इथे आकाराचा ढोबळ टप्पा आहे. बायोप्सीच्या (सुईने तुकडे घेऊन केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टमधला ग्रेड वेगळा, तो कॅन्सरच्या पेशींचा असतो. या दोन ग्रेडची गल्लत होऊन रात्र-रात्र जागलेली घरं मी पाहिली आहेत.

पीव्हीआर म्हणजे लघवी करून आल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी. ५० मिलीच्या आत असेल तर सहसा काळजीचं नसतं. कॅल्सिफिकेशन म्हणजे चुन्याचे कण, बहुतेकदा वयाचे किंवा जुन्या सुजेचे. "हायपोएकोइक" हा शब्द दिसला तर प्रश्न ९ वाचा.

५. पीएसए ५.२ आलाय. ताबडतोब बायोप्सी करावी लागेल का?

आधी थोडं थांबून हे तपासा. लघवीचा संसर्ग, ताप, नुकतीच घातलेली लघवीची नळी, लघवी अडणं यांपैकी काहीही असेल तर पीएसए वाढतो. संसर्ग असेल तर उपचार घेऊन सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करतात. तपासणीच्या आधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबचं सायकलिंग टाळावं. लॅब शक्यतो तीच ठेवा.

इथे सोनोग्राफीचा एक उपयोग फार लोकांना माहीत नसतो. पीएसएला प्रोस्टेटच्या आकाराने भागलं की मिळते पीएसए डेन्सिटी. ग्रंथी मोठी असली की पीएसए मुळातच जास्त तयार होतो. ५.२ ला ४० ने भागा, ०.१३ येतं. तोच ५.२ जर २५ ग्रॅमच्या ग्रंथीतून येत असेल तर ०.२१. साधारण ०.१५ च्या वर शंका वाढते. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट एकच असूनही दोघांची पुढची वाट वेगळी. मात्र हा भागाकार मापावर अवलंबून आहे, आणि पोटावरून घेतलेलं माप गुदद्वारातून (प्रश्न ७) घेतलेल्या मापापेक्षा कमी अचूक असतं.

डॉक्टर बोटाने तपासतील तेव्हा कडक गाठ लागली, तर डेन्सिटी कितीही कमी असली तरी पुढची तपासणी करावी लागते.

६. प्रोस्टेटची गोळी दोन वर्षं चालू आहे. पीएसए २.८ आला, म्हणजे नॉर्मल ना?

कोणती गोळी, त्यावर उत्तर आहे. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिन्यांनंतर पीएसए जवळपास निम्मा होतो. तुमचा २.८ साधारण ५.६ समजून वाचावा लागतो. नुसती टॅमसुलोसिन असेल तर पीएसएवर फरक पडत नाही. अडचण अशी की अनेक गोळ्यांमध्ये टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असतात, आणि घरी तिला "लघवीची गोळी" एवढंच म्हणतात. गोळीची पट्टीच बरोबर आणा. आणखी एक: फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असताना पीएसए कमी होण्याऐवजी चढत असेल, तर आकडा ४ च्या, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या, आत असला तरी डॉक्टरांना दाखवा.

७. टीआरयूएस म्हणजे काय? बाबा ऐकूनच नको म्हणताहेत.

गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी. प्रोस्टेट गुदाशयाला अगदी लागून असतं. त्यामुळे जवळून, जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींनी पाहता येतं आणि आतला-बाहेरचा भाग वेगळा ओळखता येतो.

नेमकं काय होतं ते आधी सांगितलं की निम्मा संकोच जातो, असा माझा अनुभव आहे. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे छातीकडे घ्यायचे. अंगावर चादर असते. डॉक्टर आधी बोटाने तपासतात. बोटाएवढ्या जाडीच्या प्रोबवर नवं निरोधाचं आवरण चढवून, जेल लावून तो हळूच आत सरकवतात. त्या क्षणी शौचाला आल्यासारखं वाटतं. खोल श्वास सोडला की स्नायू सैल होतो. नुसतं पाहायचं असेल तर पाच-दहा मिनिटांत संपतं. भूल लागत नाही, आणि या तपासणीत किरणोत्सर्गही नसतो.

मूळव्याध असेल तर सांगा, बहुधा अडत नाही. फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असेल तर मात्र फार दुखतं. तसं असेल तर थांबायचं की दुसरा मार्ग धरायचा ते ठरवता येतं. आणि बाबांना समजावताना मुलापेक्षा त्यांचा समवयस्क मित्र, ज्याची ही तपासणी झाली आहे असा, जास्त उपयोगी पडतो.

८. टीआरयूएस केली म्हणजे कॅन्सर आहे-नाही ते नक्की कळेल?

नाही. पोटावरच्या सोनोग्राफीपेक्षा चित्र कितीतरी स्पष्ट, पण बरेच कॅन्सर आजूबाजूच्या भागासारखेच करडे दिसतात आणि नजरेत येत नाहीत. म्हणूनच १९८९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ठरावीक सहा जागांचे तुकडे घेण्याची पद्धत मांडली. पुढे ते दहा-बारा झाले. गाठ दिसो वा न दिसो, सगळ्या भागांतून नमुने घ्यायचे हा त्यामागचा विचार. टीआरयूएसचं खरं बळ आकार अचूक मोजण्यात आणि सुईला वाट दाखवण्यात आहे.

९. रिपोर्टमध्ये "हायपोएकोइक लेजन" लिहिलंय. आता संपलं का सगळं?

हायपोएकोइक म्हणजे आजूबाजूपेक्षा काळसर दिसणारा भाग. बाहेरच्या भागातल्या कॅन्सरचं हे नेहमीचं रूप आहे, म्हणून आम्ही ते लिहितोच. पण जुनी सूज, रक्तपुरवठा तुटलेला भाग, टीबीची गाठ हेही असेच दिसतात. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीची औषधं मूत्राशयात सोडली असतील, तर प्रोस्टेटमध्ये अशा गाठी होऊन पीएसएही वाढू शकतो. तसा इतिहास असेल तर रेडिओलॉजिस्टला आवर्जून सांगा. निदान शेवटी पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

१०. मग सरळ एमआरआयच का करू नये?

शंका खरी असेल तर हल्ली बायोप्सीच्या आधी एमआरआय करावा, असंच माझं मत आहे. ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात, २०१७ साली, महत्त्वाचे, म्हणजे उपचाराची गरज पडू शकेल असे, कॅन्सर ओळखण्यात एमआरआयची संवेदनशीलता (असलेल्यांपैकी किती पकडले) ९३ टक्के आली आणि नेहमीच्या टीआरयूएस बायोप्सीची ४८. पुढच्या वर्षीच्या प्रिसिजन अभ्यासात एमआरआय पाहून नेमका नेम धरलेल्या बायोप्सीत ३८ टक्के पुरुषांमध्ये महत्त्वाचा कॅन्सर सापडला, नेहमीच्या पद्धतीत २६ टक्के. शिवाय ज्यांना उपचाराची गरजच नव्हती असे किरकोळ कॅन्सर कमी सापडले.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पायरॅड्स १ ते ५ असा आकडा असतो. १-२ ला शंका कमी, ४-५ ला जास्त. ३ ला पीएसए डेन्सिटी (प्रश्न ५) मदतीला येते. तरीही सोनोग्राफी सुटत नाही, कारण सुई बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीच्याच नजरेखाली जाते. एमआरआयमधली जागा सोनोग्राफीच्या पडद्यावर जुळवून घेतात त्याला फ्युजन बायोप्सी म्हणतात. ते मशीन नसेल तर अनुभवी डॉक्टर एमआरआय समोर ठेवून नजरेने जागा जुळवतात, तेही चालतं.

एमआरआय बायोप्सीच्या आधी करा. नंतर केला तर आत साचलेल्या रक्तामुळे चित्र काही आठवडे फसवं येतं.

११. बायोप्सी गुदद्वारातून की पुढून? दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या.

दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि दोन्हींत सोनोग्राफीचा प्रोब गुदाशयातच असतो. फरक सुईच्या वाटेचा. पहिल्या पद्धतीत सुई गुदाशयाच्या भिंतीतून जाते, म्हणजे शौचातले जंतू प्रोस्टेटमध्ये आणि रक्तात जाण्याचा धोका. आपल्याकडे नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू भरपूर आहेत, त्यामुळे हा धोका नुसता कागदोपत्री नाही. दुसऱ्या पद्धतीत सुई अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून जाते. तिथली त्वचा स्वच्छ करता येते, संसर्ग कमी होतो, आणि प्रोस्टेटचा पुढचा भागही नीट गाठता येतो. डायबेटिस असेल, नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली असतील किंवा आधी लघवीचे संसर्ग झाले असतील, तर दुसऱ्या पद्धतीबद्दल जरूर विचारा.

जागा बधिर करण्याचं इंजेक्शन दोन्हींत देतात. प्रत्येक तुकड्याला बायोप्सी गनचा "खट्" असा आवाज येतो. तो एकदा आधी ऐकवायला सांगा, म्हणजे माणूस दचकून हलत नाही.

१२. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं आहे का?

सुईच्या वाटेवर प्रोस्टेटचा कॅन्सर रुजल्याची उदाहरणं जगभरात अत्यंत विरळ आहेत. या भीतीने बायोप्सी वर्ष-दोन वर्षं लांबवल्यामुळे झालेलं नुकसान मात्र ओपीडीत नेहमी दिसतं.

१३. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. साधी अॅस्पिरिन बहुधा चालू ठेवता येते. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा नव्या गोळ्या थांबवायच्या का आणि किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं. स्टेंट ताजा असेल तर बायोप्सीच पुढे ढकलतात. नुसत्या टीआरयूएससाठी किंवा एमआरआयसाठी काहीही थांबवावं लागत नाही.

१४. बायोप्सीनंतर लघवीत रक्त आलं. घाबरायचं का?

काही दिवस गुलाबी लघवी, शौचाला थोडं रक्त आणि काही आठवडे वीर्याचा तपकिरी रंग, हे अपेक्षित असतं. शेवटच्या गोष्टीबद्दल आधी कुणी सांगत नाही आणि माणूस हादरतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

धावत जायची कारणं: १००.४ च्या वर ताप किंवा हुडहुडी, लघवी अडणं, रक्ताच्या गाठी. ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजताही इमर्जन्सीत जा आणि "प्रोस्टेटची बायोप्सी झाली आहे" हे पहिलं वाक्य बोला.

१५. बायोप्सी निगेटिव्ह आली, पण पीएसए चढतोच आहे.

निगेटिव्ह म्हणजे घेतलेल्या तुकड्यांत कॅन्सर नाही, एवढाच अर्थ. आधी एमआरआय झाला नसेल तर आता करा. झाला असेल तर जुन्या सीडीसकट दुसऱ्या रेडिओलॉजिस्टचं मत घ्या. पुढच्या भागातली गाठ पहिल्या बायोप्सीत सुटलेली असू शकते (प्रश्न ११). किती महिन्यांनी काय करायचं, हे तारखेसह लिहून घ्या.

१६. दहा वर्षांपूर्वी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. आता तर प्रोस्टेटच नाही, मग कॅन्सर कसा होईल?

दुर्बिणीने केलेल्या टीयूआरपीमध्ये नळीभोवतीचा वाढलेला भाग खरवडून काढतात. बाहेरचा भाग, म्हणजे जिथे कॅन्सर जास्त होतो तो, तसाच राहतो. त्यामुळे पीएसए पुढेही बघत राहावा लागतो. सोनोग्राफीत मध्यभागी पोकळी दिसते. ऑपरेशनचं सांगितलं नाहीत तर रिपोर्ट वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

१७. काकांना झाला होता. मी पुण्यात राहतो, वय ४६. कधीपासून तपासायचं?

वडील किंवा भाऊ यांना झाला असेल तर ४५ च्या सुमारास पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं. काकांच्या बाबतीत ते किती वयात आणि किती जणांना, यावर ठरतं. घरात स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर असेल तर तेही सांगा. बीआरसीए २ जनुकातला दोष दोन्हीकडे धोका वाढवतो. पुण्याच्या कर्करोग नोंदणीत प्रोस्टेट कॅन्सर पुरुषांच्या प्रमुख कॅन्सरांमध्ये आहे, तेव्हा "आपल्याकडे हा होत नाही" हा समज सोडून द्यावा. पण सुरुवात पीएसएने करा. दरवर्षी हौसेने पोटाची सोनोग्राफी करून हा प्रश्न सुटत नाही.

१८. आजोबा ८४ वर्षांचे आहेत. पीएसए ९ आलाय. हे सगळं करायचंच का?

प्रत्येक वेळी नाही. अनेक प्रोस्टेट कॅन्सर फार सावकाश वाढतात. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात, ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्यांपैकी पंधरा वर्षांत साधारण ३ टक्केच पुरुष या कॅन्सरने दगावले. ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती नजर ठेवणं, तिन्ही गटांत. हे पुरुष आजोबांपेक्षा लहान होते, पण आजार किती संथ असू शकतो ते यातून कळतं. अमेरिकेच्या २०१८ च्या शिफारशीत ७० नंतर सरसकट पीएसए तपासणी नकोच म्हटलं आहे. हाडं दुखत नसतील आणि तब्येतीच्या बाकी तक्रारी मोठ्या असतील, तर बायोप्सी न करण्याचा निर्णयही शहाणपणाचा असतो. तो आजोबांना विचारून घ्या, त्यांच्या डोक्यावरून नको.

१९. खर्च आणि सोय पुण्यात कशी?

पोटाची सोनोग्राफी ससूनला, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि गल्लोगल्लीच्या सेंटरवर होते. बायोप्सीचा दर विचारताना सुई, अँटिबायोटिक आणि पॅथॉलॉजीचा खर्च धरून आहे का, हे विचारा; पॅथॉलॉजीचं बिल बऱ्याचदा वेगळं येतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. कोणत्या तपासण्या धरल्या जातात ते योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

२०. वडील अंथरुणाला खिळून आहेत. घरी मशीन आणून सोनोग्राफी होईल का?

सर्वसाधारणपणे नाही. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्यानुसार प्रत्येक मशीन नोंदवलेल्या जागेशी बांधलेलं असतं. पोर्टेबल मशीनही त्याच हॉस्पिटलच्या भरती रुग्णांसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येतं. रुग्ण ८० वर्षांचा पुरुष असला तरी नियम तोच. रक्त मात्र घरी येऊन घेतात, तेव्हा पीएसए आधी करून घ्या. कदाचित अॅम्ब्युलन्सची फेरी वाचेल.

२१. पेसमेकर आहे, एमआरआय नको म्हणाले. आता?

आधी पेसमेकरचं कार्ड शोधा. नवे बरेच पेसमेकर ठरावीक काळजी घेऊन एमआरआयमध्ये चालतात. किडनी कमजोर म्हणून अडलं असेल तर डाय (चित्र उठून दिसण्यासाठी शिरेतून देतात ते औषध) न देताही एमआरआय करता येतो. खरोखरच शक्य नसेल तर टीआरयूएसखाली सगळ्या भागांतून नमुने घेणं हा जुना मार्ग आहेच. २९ मेगाहर्ट्झचा मायक्रो-अल्ट्रासाऊंड हा नवा पर्याय. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमम चाचणीत त्याने केलेली बायोप्सी एमआरआय-फ्युजनपेक्षा कमी पडली नाही. ते मशीन अजून मोजक्याच ठिकाणी असतं.

२२. आतड्याच्या कॅन्सरमध्ये गुदद्वार काढून पोटावर पिशवी लावली आहे. पीएसए वाढला तर तपासणार कशी?

प्रोब घालायला वाट नसल्याने टीआरयूएस होत नाही आणि बोटाने तपासणीही नाही. अशा वेळी एमआरआय हीच मुख्य तपासणी. नमुना घ्यायचा तर अंडकोशाच्या मागच्या त्वचेवरच प्रोब टेकवून, त्याच वाटेने सुई नेतात. काही ठिकाणी सीटीच्या मदतीने घेतात. आधी रेडिएशन झालं असेल तर ग्रंथीचं रूप बदललेलं असतं. म्हणून जुन्या ऑपरेशनचा आणि रेडिएशनचा कागद घेऊन, असं काम नियमित करणाऱ्या मोठ्या केंद्रातच जा.